पेढीवरून : न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

नवतपाच्या दिवसांत नागपुरातील जुन्या मोटारींच्या आवारात पहाटेच कामाला सुरुवात होते. नऊ वाजून गेले की मोटारीच्या पत्र्यावर तळहात टेकवता येत नाही आणि तापलेल्या पत्र्यावर टाकलेले पाणी पुसून घेण्यापूर्वीच वाळून त्याचे पांढरट डाग उमटतात. म्हणून धुलाईची मुले सहाला हजर असतात, आणि मालकही देवदर्शन आटोपून सातच्या आत पेढीवर येतात. गिऱ्हाईक अकरानंतरच फिरकते. तरीही या व्यवसायातील खरी माहिती ज्या घटकेला हाती येते, ती घटका धुलाईचीच होय.

आसने सोडवून बाहेर काढली आणि खालचा गालिचा उचलला, की एका कुटुंबाची चार-पाच वर्षे समोर पडतात. लहान मुलीच्या केसांची पिन, शाळेचे ओळखपत्र, रुपयाची नाणी, बडीशेप, कुठल्याशा प्रतिष्ठा महोत्सवाच्या पत्रिकेचा तुकडा. पूर्वी टोलनाक्याच्या पावत्याही निघत आणि ‘गाडी फक्त शहरातच चालली’ असे सांगणाऱ्याची पंचाईत करीत. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून तो पुरावा दुर्मिळ झाला. रिंग रोडलगत आवार असलेल्या एका गृहस्थांकडे अशा वस्तू पाकिटात घालून जुन्या मालकाला परत पाठवण्याचा शिरस्ता आहे. नाणी मात्र धुणाऱ्या मुलाची. या गृहस्थांचे वडील इतवारीत धान्याची अडत करीत. पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसून तळाचा दाणा गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, ही त्यांची सवय. मुलाने धान्य सोडून मोटारी धरल्या, पण सवय घरात राहिली.

धुलाई दोन प्रकारची असते, हे या व्यवसायात नवख्याला लवकर उमगत नाही. एक मळ काढणारी आणि दुसरी खूण पुसणारी. बाजारात या दुसऱ्या प्रकाराला ‘मेकअप’ म्हणतात. रबिंग-पॉलिश करून जुन्या रंगाला तकाकी आणणे यात गैर काही नाही. लग्नाच्या मुलीला चांगली साडी नेसवावी तसे ते आहे. परंतु बॉनेट उघडताच इंजिन आरशासारखे चमकत असेल, तर जाणता मनुष्य खूश होत नाही, सावध होतो. इंजिनावरची कोरडी धूळ तेल कोठूनही झिरपत नसल्याची साक्ष देते; ती धुऊन टाकली की साक्षीदारच नाहीसा होतो. आतमध्ये अत्तराचा घमघमाट असेल, तर तो कोणत्या वासावर पांघरूण घालतो आहे, हा प्रश्न मनात यावाच लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्राबाहेर आली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील घराघरांत झोपेतच पाणी शिरले. मोरभवन स्थानकातील बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तळमजल्यावरच्या आणि अंगणातल्या मोटारींचे काय झाले असेल, हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी अनेकांनी घाईने किल्ली फिरवून पाहिली. बुडालेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरात शिरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून आतला दांडाच वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरले जात नाही. इंजिन-संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक भरला, तर मोटार ‘टोटल लॉस’ ठरते आणि विमा कंपनीमार्फत भंगार म्हणून लिलावात जाते. तेथून तिने भंगारातच जावे असा काही नियम नाही. तिची दुरुस्ती होते, रंग चढतो आणि कधी ती दुसऱ्या शहराच्या बाजारात नव्या नवरीसारखी उभी राहते.

त्या वर्षाच्या डिसेंबरात या आवारात एक चंदेरी रंगाची लहान मोटार आली. एमएच-३१ पासिंग, पाच वर्षे जुनी, कागदपत्रे निर्मळ. गृहस्थांच्या मुलाने, जो नुकताच पेढीवर बसू लागला होता, ती ३ लाख ६० हजारांना स्वतः ठरवून घेतली होती. मीटर थोडे, टायर बरे, भाव रास्त. धुलाईला घेतली तेव्हा काम करणाऱ्या मुलाने चालकाच्या आसनाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि काही न बोलता शेठजींना हाक मारली. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर, जो सहसा कधी बाहेर येत नाही, मातकट रंगाची एक आडवी रेघ होती. मग डिकीत स्टेपनीखालचा खळगा पाहिला, तेथे बारीक गाळ. आसनाच्या रुळांवर तांबेरा. हेडलाइटच्या काचेत आतून दमटपणा. मोटार पाण्यात उभी होती, आणि पाणी आसनापर्यंत आले होते.

मुलाचे म्हणणे असे, की इंजिन उत्तम चालते आहे, वायरिंग बदललेले दिसते, विम्यातून दुरुस्ती झालेली असावी. मग सांगायचे काय? गिऱ्हाइकाने विचारले तर खोटे बोलू नये, हे त्यालाही मान्य होते. पण विचारलेच नाही तर? “ज्याने आपल्याला विकली, त्याने तरी कुठे सांगितले, बाबा?” यावर वडील इतकेच म्हणाले, “आपण विचारले नव्हते, हेच त्याचे उत्तर असणार.”

मुलाची बाजू कायद्याच्या दृष्टीने अगदीच निराधार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे सतरावे कलम फसवणुकीविषयी आहे, आणि नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे असे ते सांगते. त्याखालचे उदाहरण घोड्याचे आहे. एकाने आपला घोडा लिलावात विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही. ही फसवणूक ठरत नाही. मात्र त्याच कलमाखाली दुसरे उदाहरण आहे, आणि ते अधिक विचार करायला लावते. घोडा विकत घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर घोड्याची खोड सांगणे बापाचे कर्तव्य ठरते. आणि तिसऱ्या उदाहरणात, ‘तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे घेणारा म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. दीडशे वर्षांपूर्वी घोडेबाजार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही तीन उदाहरणे जुन्या मोटारीच्या व्यवहाराला आजही जशीच्या तशी लागू पडतात. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदला, आणि गप्प राहणाऱ्या व्यापाऱ्याची जागा बरीच आकसली.

अर्थशास्त्रातही या बाजाराला मान मिळालेला आहे. अमेरिकेतील जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. काही नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले. त्यांचा मुद्दा साधा होता. विकणाऱ्याला मोटारीची सर्व हकीकत ठाऊक, घेणाऱ्याला काहीच नाही. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीला सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी खराब मालच उरतो. इतवारीतल्या कोणत्याही जुन्या अडत्याला हे सांगितले असते, तर पेढीची पत म्हणजे दुसरे काय, असे त्याने विचारले असते.

मीटरची कथा याहून उघड आहे. मोटारीचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवून देणारे कारागीर प्रत्येक मोठ्या शहरात असतात. काट्याचे मीटर जाऊन अंकांचे आले, तरी काम थांबले नाही, उलट हात काळे न करता होऊ लागले. नव्वद हजार चाललेली मोटार एका दुपारी पस्तीस हजारांची होते. पण मीटर फिरवणाऱ्याला क्लचच्या पायपट्टीचे झिजलेले रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कडा आणि चालकाच्या आसनाची दबलेली उजवी बाजू फिरवता येत नाही. सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदी मागवल्या तर आकडा आपोआप उघडा पडतो. अस्तेयाच्या अतिचारांत खोटे तोल आणि खोटे माप गणलेले आहे, हे पाठशाळेत शिकलेले पुष्कळांच्या स्मरणात असेल. तागडी आणि शेर यांच्यापुरतेच ते लक्षात ठेवले जाते, इतकेच. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांतही शकटकर्म आणि भाटकर्म अशी दोन नावे आहेत. पहिले गाड्या तयार करून विकण्याचे, दुसरे गाड्या व जनावरे भाड्याने देण्याचे. त्या काळी गाडीला बैल जुंपलेला होता आणि प्रश्न त्याच्या पाठीवरच्या ओझ्याचा होता. आज मोटार विकणारी आणि भाड्याने देणारी कितीतरी कुटुंबे समाजात आहेत. बैल गेला, ओझे कोणाच्या पाठीवर आले, हे भाड्याच्या धंद्यात चांगले दिसते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहता झाला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवत निघणाऱ्या तरुणांची संख्या वाढलेली दिसते. अशा भाड्याच्या, स्वतः चालवण्याच्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असावी लागतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी. परवान्यासाठी केंद्र सरकारची १९८९ ची योजना आहे आणि तिच्या मूळ नियमांत किमान पन्नास मोटारी असणे आवश्यक होते. एवढा व्याप सामान्य माणसाला झेपत नाही. मग घरची पांढऱ्या पाटीची मोटार ओळखीच्या ओळखीतून दिवसाच्या भाड्याने दिली जाते. महिन्याचा हप्ता निघतो, असा सोपा हिशेब असतो.

या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नसतात. पहिली ही, की खासगी मोटारीची विमा पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही. अपघात झाला आणि भाडे उघडकीस आले, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई अखेरीस मालकाच्या दारात येण्याची भीती असते. दुसरी गोष्ट टायरची. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असूनही आतून कडक होतो. शहरात चाळीसच्या वेगाने त्याचे काही बिघडत नाही. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर भर दुपारी १२० च्या वेगाने तासन्‌तास धावल्यावर मात्र तो फुटू शकतो, आणि तेव्हा आत चार जणांचे कुटुंब असते. भाड्याने देणाऱ्याला टायरचे वय ठाऊक असते. घेणारा फक्त पेट्रोल किती आहे ते विचारतो. दोन वर्षे अशी भाड्याने फिरलेली मोटार पुढे ‘घरगुती वापराची, एकहाती’ म्हणून बाजारात येते, तेव्हा मौनाची दुसरी फेरी सुरू होते.

गप्प राहण्याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो, आणि तो बहुधा व्यापारी घरांनाच बसतो, कारण येथे शब्दावर व्यवहार करण्याची रीत आहे. मोटार दिली, पैसे मिळाले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटाच्या हाती सोपवले, की पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. वास्तविक विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत मोटार नावावर करून घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात असे ठरवले, की नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या खटल्यातील मोटार २००७ पासून एकामागून एक हात बदलत गेली होती आणि अपघात २००९ मध्ये झाला, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतील पहिल्या मालकावरच आली. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याची नवी तरतूद लागू झाली आहे. अशा विक्रेत्याला मोटार सुपूर्द केल्याची नोंद परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर झाली, की नावावर होईपर्यंतची जबाबदारी त्याच्याकडे जाते. आपण ज्याला मोटार देत आहोत त्याच्याकडे हे अधिकारपत्र आहे काय, एवढे विचारायला संकोच करण्याचे कारण नाही. पण समाजातल्याच माणसाला कागद कसा मागायचा, या भिडेपोटी तो मागितला जात नाही, आणि पुढे वर्षभराने गिरीपेठेतील कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

चंदेरी मोटारीला जानेवारीत गिऱ्हाईक आले. सावनेरचे एक शिक्षक, बरोबर पत्नी आणि वृद्ध आई. आईला दर पंधरवड्याला नागपूरच्या रुग्णालयात आणावे लागे आणि बसचा प्रवास तिला सोसवत नव्हता. त्यांनी मोटार बारकाईने पाहिली. किती चालली, लिटरला किती देते, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, सगळे विचारले. आई मागच्या आसनावर बसून पाहून आल्या, त्यांना चढायला-उतरायला सोपी वाटली. ४ लाख १५ हजारांवर बोलणी आली. शिक्षकांनी बयाणा देण्यासाठी खिशात हात घातला. पाण्याविषयी त्यांनी काही विचारले नव्हते.

मुलगा वडिलांकडे पाहत नव्हता. वडिलांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाले, “सर, एक गोष्ट राहिली. ही गाडी सप्टेंबरच्या पुरात उभी होती. आज चांगली चालते. वायरिंग उद्या कुठे त्रास देईल की नाही, हे मला सांगता येत नाही. रात्री आईंना घेऊन रस्त्यात अडकायला नको, म्हणून सांगतो.” मग सीटबेल्ट ओढून ती रेघ दाखवली. ३ लाखांना देतो, असेही सांगितले.

शिक्षक थोडा वेळ गप्प राहिले. चहा झाला. विचार करून सांगतो म्हणून ते गेले आणि परत आले नाहीत. पंधरा दिवसांनी कळले, की त्यांनी दुसऱ्या एका आवारातून तशीच मोटार घेतली. तिची काय हकीकत होती, हे कोणाला ठाऊक नाही. मुलगा त्या दिवशी बरेच बोलला, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असेही म्हणता येणार नाही. शेवटी त्या कुटुंबाचे भले झाले की नाही, हे वडिलांनाही सांगता आले नसते. पेढीचे गिऱ्हाईक गेले, एवढे मात्र नक्की.

मोटार मार्चपर्यंत उभी राहिली. अखेर बुटीबोरीच्या एका गॅरेजवाल्याने ती घेतली. त्याने रेघ पाहिली, डॅशबोर्ड उघडून वायरिंग स्वतः तपासले आणि २ लाख ८५ हजार रोख दिले. खरेदी, धुलाई आणि किरकोळ काम धरून ८७ हजारांचा तोटा. जुन्या मोटारीवरचा जीएसटी नफ्याच्या रकमेवरच असतो, तोट्यावर नसतो, हा शेरा हिशेबनिसाने मारला तेव्हा वडील हसले; मुलगा हसला नाही.

पुढच्या आठवड्यात वर्ध्याला एका मोटारीचा सौदा होता. बाप-लेक दोघेही गेले. मालक मोठ्या आदराने बसा म्हणाले, चहा सांगितला, मोटार किती जपून वापरली त्याचे वर्णन करू लागले. वडील ऐकत होते. मुलगा मात्र बसला नाही. तो मोटारीचे दार उघडून आत वाकला आणि चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट दोन्ही हातांनी शेवटपर्यंत ओढून काढू लागला.